दूरवस्ती, भाग पहिला

मित्रांनो, मी एका जुन्या विज्ञान कादंबरीमालेचा पहिला भाग आहे. मालिकेचं नाव 'दूरवस्ती'. आम्ही चार भावंडं. अहमदपूरच्या एका छोट्या वाचनालयात, खिडकीलगतच्या कपाटात, आम्ही पुष्कळ वर्षं एकमेकांना टेकून उभे होतो.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून माझी पानं छापली गेली. मुखपृष्ठावरचा लाल ग्रह छापताना रंग जरासा सरकला, त्यामुळे माझ्या ग्रहाला दोन कडा दिसतात. छापणाऱ्याने कपाळाला हात लावला होता, पण मला मात्र त्या दोन कडांचा अभिमान वाटायचा.

आमची गोष्ट अशी आहे. माझ्यात माणसांचं एक यान धुळीच्या ग्रहावर उतरतं आणि परत जाण्याची वाट बंद होते. दुसऱ्या भागात तिथेच जन्मलेली मुलं मोठी होतात. त्यांनी पृथ्वी कधी पाहिलेलीच नसते. तिसऱ्या भागात मोठं वादळ येतं. वस्तीची प्रमुख रेवती आतली हवा वाचवण्यासाठी दार लावून घेते, आणि कित्येक माणसं बाहेर राहतात. त्यांचं पुढे काय झालं, ते चौथा सांगतो. आमच्यातली यंत्रं आता तुम्हांला जुनाट वाटतील. संगणक खोलीभर मोठे आहेत आणि खिशातला फोन कुणाकडेच नाही. पण माणसं तशीच आहेत, तुमच्या गल्लीतली असावीत तशी.

ग्रंथपाल मंजुश्रीताई प्रत्येक नव्या वाचकाच्या हाती मलाच द्यायच्या. म्हणायच्या, "सुरुवातीला जरा कंटाळा येईल. यान उतरेपर्यंत धीर धरा. मग पुस्तक खाली ठेवलं तर मला सांगा." कॉलेजची मुलं मला न्यायची, शिक्षक न्यायचे, बसची वाट बघत बसलेले लोकही दोन-चार पानं वाचून बघायचे.

पण आम्हांला सगळ्यांत जास्त जीव लावला तो दोघांनी. उमाशंकरचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, बियाण्याचं दुकान होतं. संघपाल पोस्टात कामाला होता. दोघं शाळेपासूनचे दोस्त. रविवारी वाचनालयाच्या ओट्यावर बसून ते आमच्यावर बोलायचे. एक भाग आधी संघपाल वाचायचा, मग उमाशंकर. असा त्यांचा शिरस्ता होता. पस्तिशी-चाळिशीतली ती माणसं, पण गोष्टीवर बोलताना अगदी लेकरांसारखी भांडायची, आणि भांडण संपलं की एकाच पुडीतले शेंगदाणे खायची.

तिसरा भाग वाचून झाल्यावरच्या रविवारी मात्र वेगळंच झालं.

संघपाल म्हणाला, "रेवतीनं दार लावायला नको होतं."

"नको कसं? न्हाई लावलं असतं तर आतली लेकरंबाळं मेली असती की."

"बाहेर बी लेकरंच होती, उमा."

"आरं, तिला काय हौस होती का? इलाज न्हवता."

"आत बसलेल्याला इलाज नसतोच कधी," संघपाल म्हणाला. मग तो हळू आवाजात बोलला, "तुमच्या घरी मला पाणी कुठं मिळायचं, याद हाय का? पायरीच्या खाली. तू आतून तांब्या आणायचास आणि वरून ओंजळीत ओतायचास. दार उघडंच असायचं. पण मी कधी आत आलो न्हाई."

उमाशंकरचा चेहरा उतरला. "ते घरातल्या मोठ्या माणसांचं होतं. मी लहान होतो. तू ते अजून धरून बसलास?"

"धरून न्हाई बसलो. इषय निघाला म्हणून सांगून राहिलो."

इथे उमाशंकरने नुसतं 'चुकलंच ते' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. संघपाल तेवढ्याचीच वाट बघत होता, असं मला वाटतं. पण उमाशंकर उठला. "गोष्टीतलं गोष्टीत ठेव. उगं आमच्या घरावर येऊ नको," असं म्हणाला. मंजुश्रीताईंनी संघपालसाठी चौथा भाग टेबलावर काढून ठेवला होता. उमाशंकरने तो उचलला, आपल्या नावावर लावून घेतला आणि मागे न बघता निघून गेला.

पुढचं मला माझ्या धाकट्या भावाने, चौथ्या भागाने, फार नंतर सांगितलं. उमाशंकरने त्याला दुकानात बसून वाचलं. शेवटाकडे म्हातारी रेवती एकटीच दारापाशी जाते, दार उघडते आणि बाहेर राहिलेल्यांची नावं घेऊ लागते. तिथे उमाशंकर रडला. गिऱ्हाईक आलं तर डोळ्यांत कचरा गेला म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन तो पोस्टापर्यंत गेलासुद्धा. पण खिडकीपुढे चार माणसं उभी होती. त्यांच्यासमोर काय बोलायचं? तो परत फिरला. म्हणाला, उद्या बघू.

मित्रांनो, ते उद्या फार लांबलं. एकाच गावात दोघं राहत होते. समोरून दुसरा येताना दिसला की एक जण रस्ता बदलायचा. पोस्टाचं काम निघालं की उमाशंकर दुकानातल्या व्यंकटीला धाडायचा. संघपाल वाचनालयात येईनासा झाला. मंजुश्रीताईंनी चौथ्या भागाची आठवण करून दिली की उमाशंकर "सापडून नाही राहिलं, बघतो," एवढंच म्हणायचा. ते पुस्तक त्याच्या गल्ल्याच्या मागे, रोज हाताला लागेल असं ठेवलेलं होतं.

त्याचा फटका आम्हांलाही बसला. तिसऱ्या भागाशी येऊन वाचक अडकायचे. "पुढचा नाही? मग अर्धवट गोष्ट कशाला सुरू करायची?" असं म्हणून लोक मला उघडेनासे झाले. माझ्यावर धूळ बसली. शिलाई सैल झाली, कोपऱ्यांना वाळवी लागली. एकदा रद्दीत काढायच्या ढिगावर मला ठेवलं होतं. मंजुश्रीताईंनी गुपचूप उचलून परत कपाटात लावलं.

मग एके दिवशी उमाशंकर आला. डोकं पांढरं झालं होतं. त्याने चौथा भाग टेबलावर ठेवला. संघपाल निवृत्त होऊन लोह्याला लेकीकडे गेला आहे आणि त्याची तब्येत बरी नाही, असं व्यंकटीकडून त्याला कळलं होतं. तो म्हणाला, "ताई, चारी भाग द्या. त्याला वाचून दाखवतो. बोलायचं बी हाय."

 मंजुश्रीताईंनी आम्हां चौघांना पुसून पिशवीत घातलं.

लोह्याला संघपालची लेक बुद्धप्रिया शाळेत शिकवते. आम्ही पोहोचलो तेव्हा संघपाल अंगणात खुर्चीवर बसला होता. उमाशंकर फाटकाशीच उभा राहिला. 

संघपालने मान वर केली. हसून म्हणाला, "बाहेर काय उभे राहिलात? या की आत. बाळा, पाहुण्याला पाणी आण."

उमाशंकर आत आला. तो त्याच्या पायाशी बसला. "संघा, आमच्या घरी तुला खाली उभं केलं, ते चुकलं. त्या दिवशी ओट्यावर मी बोललो, ते त्याहून चुकलं. पुस्तक बी मुद्दाम ठेवून घेतलो."

"असू द्या, असू द्या," संघपाल म्हणाला. "तुमचं गाव कोणतं म्हणलात?"

पाण्याचा तांब्या घेऊन बुद्धप्रिया दारात थांबली होती. ती हळूच म्हणाली, "काका, बाबांना विसरण्याचा आजार हाय. आता आता मला बी वळखत न्हाईत कधी कधी. आधी तुमचं नाव लई घ्यायचे. उमा कधी येतोय, म्हणून इचारायचे."

उमाशंकरने पिशवी खाली ठेवली. संघपालचं लक्ष पिशवीकडे गेलं. त्याने मला बाहेर काढलं, माझ्या दोन कडांच्या ग्रहावरून बोट फिरवलं. "हे काय पुस्तक हाय?"

"दूरवस्ती." उमाशंकर म्हणाला. "माणसं दुसऱ्या ग्रहावर जातेत, त्याची गोष्ट हाय."

"चांगली हाय का?"

"लई चांगली हाय."

"मग वाचा की."

तेव्हापासून उमाशंकर दर गुरुवारी एसटीने लोह्याला येतो. संघपाल डोळे मोठे करून ऐकतो. यान उतरतं तिथे टाळ्या वाजवतो. पण पुढच्या गुरुवारी त्याला त्यातलं काहीच आठवत नाही, आणि उमाशंकर पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतो. मला आज जेवढं वाचलं जातं तेवढं उमेदीच्या वर्षांतही कुणी वाचलं नव्हतं. तरी सांगतो मित्रांनो, मला हे नको होतं. माझ्यापुढे तीन भाग आहेत. ते संघपालला आता कधीच ऐकायला मिळणार नाहीत, चौथा तर त्याने कधी वाचलेलाही नाही, आणि ज्या माफीची त्याने इतकी वर्षं वाट पाहिली, ती मिळाली हेही त्याला ठाऊक नाही.

तुम्ही आम्हांला जरूर वाचा, पहिल्या भागापासून वाचा. आमची पानं दुमडू नका, आम्हांला ओलीत ठेवू नका. आणि तुमच्या घरात असं एखादं राहून गेलेलं पुस्तक असेल तर ते आजच नेऊन द्या. कुणीतरी पुढच्या भागाची वाट बघत असेल. त्याला अजून तुमचं नाव आठवतंय, तोवर जा.