अंगठ्याखालचा डाग

"काका, 'सेल' जरा मोठं करा ना. बसमधून दिसलं पाहिजे," अमन खालून म्हणाला.

देवानंद स्टुलावर उभा राहून डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या अमनच्या साडीच्या दुकानाच्या काचेवर आतल्या बाजूने अक्षरं लिहीत होता. आतून लिहायचं म्हणजे उलटं लिहायचं. तीस वर्षं हे करून आता त्याला सुलटंच अवघड वाटायचं.

"मोठं केलं तर बाहुलीच्या अंगावरची साडी झाकली जाईल."

"साडी आत येऊन बघतील यार, काका. आधी आत तर येऊ देत."

खिशातला फोन वाजला. देवानंदने ब्रश दातांत धरला, हात पँटला पुसला आणि फोन घेतला.

"काका, रुपाली बोलतेय, स्कोकीहून. माझ्या आईचं पोर्ट्रेट केलं होतंत ना तुम्ही, गेल्या समरमध्ये?"

देवानंदने ब्रश काढला. "हो, हो. काय झालं? रंग फुटला का?"

"नाही नाही, पेंटिंग छानच आहे. फक्त आईच्या डाव्या हातावर, अंगठ्याच्या खाली एक डाग आहे. भाजल्यासारखा. मावशी आलीये इंडियाहून, ती म्हणते ताईच्या हाताला असं काही नव्हतंच. आणि मी जुने फोटो बघितले तर खरंच, आईला नव्हता. रविवारी आईचा स्मृतिदिन आहे, काका. लोक येतील. तुम्ही तेवढं फिक्स करून द्याल?"

काचेवरच्या ओल्या अक्षराचा एक ओघळ खाली यायला लागला होता. तो त्याने करंगळीने टिपला.

"काका? ऐकू येतंय ना?"

"येतंय. उद्या दुपारी येतो," तो म्हणाला.

तो डाग आपण चित्रात उतरवला आहे हे त्याला आतापर्यंत माहीत नव्हतं. पण कोणाचा आहे, ते विचारायची त्याला गरज नव्हती.

*

देवानंद मेश्राम मूळचा नागपूरचा. पोरवयात चौदा एप्रिलच्या कमानी रंगवून हात बसला. मग मेहुण्याच्या मागे इथे शिकागोला आला. आधी एका पाटीवाल्याकडे नोकरी केली. पुढे प्लास्टिकची कापीव अक्षरं आली आणि ती नोकरी गेली. तेव्हापासून दुकानांच्या काचा, उपाहारगृहांचे मेनू आणि गेलेल्या माणसांची चित्रं, यावर त्याचं चाललं.

चित्रांसाठी लोक फोटो आणत, तो बहुतेक वेळा पासपोर्टचा. नुसता चेहरा, मागे पांढरी भिंत. आणि म्हणत, "आई खुर्चीत बसलीये, मांडीवर हात आहेत, अशी काढा. साडी ही नेसवा." साडी पिशवीत आणलेली असे. आईचे हात मात्र कोणाकडेच नसत.

मग त्याची बायको राधा ती साडी नेसून खिडकीपाशी बसायची. देवानंद चेहरा फोटोवरून काढायचा आणि मानेखालचं सगळं राधेवरून. अशा साठ-सत्तर आया झाल्या असतील. कोणी डॉक्टरची आई, कोणी ट्रकवाल्याची. शिकागोच्या आजूबाजूला इतक्या घरांत राधेचे हात दुसऱ्यांच्या मांडीवर बसले होते.

बसताना ती डावा हात नेहमी उजव्याखाली घ्यायची. म्हणायची, "डाग दिसाले नको. लोकांच्या माया आहेत त्या."

तो डाग चिंचोक्याएवढा होता आणि तो देवानंदमुळे पडला होता. इथला पहिलाच हिवाळा. तळघरातलं घर. एका डॉक्टरच्या नावाची पाटी संध्याकाळी द्यायची होती आणि थंडीत रंग वाळत नव्हता. त्याने ओव्हन लावला, गरम झाला की पाटी आत ठेवू म्हणून, आणि पाटी आणायला बाहेरच्या खोलीत गेला. आपल्या घरी बंद ओव्हनमध्ये भांडी ठेवलेली असतात हे त्या वेळी त्याच्या ध्यानातच नव्हतं. राधा बाहेरून कपडे धुऊन आली. तिने ओव्हनचं दार उघडलं आणि सवयीने आत हात घालून कढईचा कान धरला.

ती ओरडली नाही. नळाखाली हात धरून एवढंच म्हणाली, "सांगायचं तर होतं ना हो, लावला म्हणून."

तेवढ्यात डॉक्टरचा माणूस दारात आला. देवानंद पाटी घेऊन त्याच्याकडे गेला. परत आला तोवर तिने हाताला कणीक लावून स्वयंपाक सुरू केला होता. त्याला तेव्हा काही म्हणता आलं नाही. नंतर म्हणू म्हणू करत एकतीस वर्षं गेली.

तिचं स्वतःचं चित्र त्याने कधी काढलं नाही. विषय निघाला की ती म्हणायची, "माझी काय घाई आहे? आधी गिऱ्हाईक पाहा."

गेल्या जुलैत रुपालीच्या आईची साडी आली तेव्हा राधेची तिसरी केमो झाली होती. देवानंद म्हणाला, राहू दे, नाही म्हणून कळवतो. ती म्हणाली, "बसायचंच तर आहे. तसंही मी बसूनच असते." एका वेळी वीस मिनिटं बसायची. उजवा हात सुयांनी काळानिळा झाला होता, म्हणून या वेळी तो खाली गेला आणि डावा वर आला. डाग झाकायचं तिला सुचलं नाही. त्यालाही नाही. त्या दिवसांत तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून तो हातांकडेच बघत राहिला आणि जे दिसलं ते काढत गेला.

ऑगस्टमध्ये चित्र गेलं. सप्टेंबरात ती गेली.

*

रुपालीच्या घरी चित्र दिवाणखान्यात फायरप्लेसच्या वरच्या भिंतीवर लावलं होतं. देवानंद पेटी खाली न ठेवताच त्याच्यासमोर उभा राहिला. चेहरा एका अनोळखी बाईचा होता. हात राधेचे होते. अंगठ्याखाली तो डाग, कडेला जरा गुलाबी, मध्ये गडद. फार चांगला उतरला होता.

सोफ्यावर रुपालीची मावशी बसली होती. सत्तरीची, नाशिकची, ताठ.

"तुम्हीच का ते पेंटर? चित्र सुरेख काढलंत. पण माझ्या बहिणीच्या हाताला डाग नव्हता हो."

"नव्हता, मावशी. चूक माझी आहे."

"चूक म्हणजे? फोटोत नाही, तर तुम्हाला दिसला कुठून?"

"मावशी, असू दे ना," रुपाली म्हणाली.

जिन्यावर तिची मुलगी सिया बसली होती, कॉलेजातली, मांडीवर लॅपटॉप. तिने वर पाहिलं. "No, but really. कोणाचा हात आहे?"

देवानंदने पेटी टेबलावर ठेवली. "माझ्या मिसेसचा. पासपोर्टच्या फोटोत हात नसतात. मग ती बसायची. सगळ्यांसाठीच बसायची."

रुपालीच्या हातात पाण्याचा ग्लास होता तो तसाच राहिला. राधा गेल्याचं तिला ठाऊक होतं. तिने शोकाचा मेसेज पाठवला होता.

"अय्यो, काका. मला माहीत नव्हतं. मग नका पुसू. खरंच नका. आम्ही हार जरा खाली घेऊ, झाकून जाईल."

"का झाकून?" मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुमच्या मिसेस गेल्या, मला वाईट वाटतं. पण खाली नाव माझ्या बहिणीचं आहे. रविवारी आमच्याकडचे दहा लोक यायचेत. भाजल्याचा डाग बघितला की बाईमाणूस पहिलं काय विचारतं? सासरी काही झालं होतं का. माझ्या मेव्हण्यांनी आयुष्यात तिला बोट लावलं नाही. ते आतल्या खोलीत बसले आहेत ऐंशी वर्षांचे. त्यांच्या नावावर हे कशाला?"

देवानंदच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"मावशींचं बरोबर आहे," तो म्हणाला. "तो डाग नवऱ्यामुळेच पडलेला आहे. माझ्यामुळे. तुमच्या मेव्हण्यांनी का तो घ्यायचा?"

त्याने चित्र उतरवलं आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून आडवं ठेवलं. रंगांच्या ट्यूब काढल्या. पिवळा, तांबूस, पांढरा, किंचित निळा. चाकूने घोटून त्वचेचा रंग केला. एरवी असा रंग तयार झाला की तो ब्रशचं टोक राधेच्या मनगटाला लावून बघायचा. ती नाक मुरडायची, "गार लागते." आज त्याने स्वतःच्या मनगटाला लावला. आपलं मनगट काळं. त्याने थोडा पांढरा वाढवला.

सिया जवळ येऊन उभी राहिली होती. "काका, can I ask? तुम्हाला inspiration कशापासून मिळतं? Like, what makes you paint?"

"डिलिव्हरीची तारीख."

ती हसली. मग हसायचं थांबली. "No, seriously."

देवानंदने विचार केला. पोरीने मनापासून विचारलं होतं. "समोर कोणी बसलेलं असलं की होतं," तो म्हणाला.

रंग तयार होता. डागावरून तो नुसता फिरवला असता तर दहा मिनिटांत काम झालं असतं. कोणाला कळलंही नसतं. पण तेलरंगाचा एक गुण आहे. वरचा थर वर्षांनी विरळ होतो आणि झाकलेलं खालून वर येतं. वीस-पंचवीस वर्षांनी, देवानंद नसताना, या घरात तो डाग हळूहळू पुन्हा दिसायला लागला असता. कायमचा घालवायचा तर आधी पात्याने खरवडून, खालचं कापड दिसेपर्यंत काढावा लागतो.

तो ब्रश हातात धरून बराच वेळ उभा राहिला.

"काय झालं, काका?" रुपालीने विचारलं.

"काही नाही. जरा उजेड बघतोय."

अर्धवट काम राधेला चालत नसे. पाटीच्या मागच्या बाजूला, जिथे कोणी बघत नाही तिथेही, ती रंग लावायला लावायची. आणि ही तर लोकांची माय होती.

त्याने ब्रश ठेवला आणि पेटीतून पातं काढलं.

अंगठ्याच्या मुळाशी पातं आडवं धरून तो अलगद खरवडू लागला. एवढासा आवाज येत होता, नखाने पापड खरवडावा तसा. आधी गुलाबी कड गेली. मग मधला गडद भाग. तो श्वास धरून करत होता. शेवटी कापडाचे धागे दिसले. मग त्याने ब्रश घेतला आणि तिथे नवी त्वचा लावली, कडा बोटाने मिसळून टाकल्या. आता तो कोणाचाही हात होता.

मावशी उठून आली. चष्मा वर करून वाकून बघितलं.

"माझ्या बहिणीची बोटं याहून जाड होती," ती म्हणाली. देवानंदने पुन्हा ब्रशकडे हात नेला. तिने मान हलवली. "नको. हात राहू द्या. चांगले हात आहेत. डाग तेवढा नको होता." जरा थांबून तिने विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

"राधा."

"चहा घेऊन जा."

चहा होईपर्यंत देवानंदने टेबल आवरलं. वर्तमानपत्रावर चिमूटभर तपकिरी-गुलाबी भुकटी पडली होती. कागदाचा तेवढा तुकडा त्याने फाडला, त्याची चार घड्यांची पुडी केली आणि शर्टाच्या वरच्या खिशात टाकली. सियाने ते पाहिलं.

"तीन-चार दिवस बोट लावू नका. ओलं आहे," निघताना तो रुपालीला म्हणाला.

"काका, मी ड्रॉप करते ना."

"बस आहे. बसने बरं पडतं."

*

घरी आला तेव्हा सहा वाजून गेले होते. खिडकीत अजून ऊन होतं. त्याने ब्रश साबणाने तीनदा धुतले. मनगटावरचा रंगाचा ठिपका मात्र तसाच राहू दिला.

मुलीचा, हर्षिताचा फोन आला. ती ॲरिझोनात चँडलरला असते, चिप बनवणाऱ्या कंपनीत.

"बाबा, जेवलात?"

"करतोय आता."

"काय करताय?"

"पिठलं."

"Good. बाबा, सप्टेंबरसाठी मला आईचं एखादं पेंटिंग हवं होतं. वंदनेच्या वेळी ठेवायला. तुम्ही कधीतरी काढलं असेल ना? एखादं तरी?"

"नाही गं."

"Not even a sketch?"

"तिचं राहून गेलं."

मग ती म्हणाली, "It's okay, बाबा. मी फोटो एन्लार्ज करते. जेवा तुम्ही."

फोन ठेवून तो स्वयंपाकघरात गेला. कांदा चिरला. बेसनाचा डबा काढला. कढई ओव्हनमध्ये होती. राधेने लावून ठेवलेली भांडी त्याने अजून हलवली नव्हती. रोज लागेल ते काढायचं आणि धुऊन पुन्हा तिथेच ठेवायचं, एवढंच.

त्याने ओव्हनचं दार उघडलं. नऊ महिन्यांत तो कोणी लावला नव्हता. आत अंधार होता आणि कढईचे दोन कान तेवढे चमकत होते.

त्याने खुंटीवरचं फडकं काढलं, त्याच्या दोन घड्या केल्या आणि त्यात धरून ती गार कढई सावकाश बाहेर काढली.