समुद्राची प्रत

मत्स्यकेंद्राच्या जुन्या संगणकात 'समुद्र' नावाचा एक दुवा होता. तो उघडला की आत समुद्र असे. चित्र नव्हे, समुद्रच. पडद्याला हात लावला तर बोटं खारट होत. वासंती तांडेल मासळी विकून रोज दुपारी तिथे येई, कारण त्या समुद्रात तिच्या नवऱ्याची होडी होती. वादळात गेलेला तो कुठेच सापडला नव्हता. इथे मात्र जाळं ओढताना दिसे. थोडा वेळ बघून ती घरी जाई.

आज तो संगणक भंगारात जायचा होता. टेम्पो दारात उभाच होता. आतलं सगळं नव्या संगणकात उतरवायला आलेल्या इरावती हेगिष्टेने पायथन या संगणकाच्या भाषेत चार ओळी लिहिल्या.

"होडी येईल ना त्यात?" वासंतीने विचारलं.

"दुवा येईल, मावशी. दुवा म्हणजे नुसता बाण. समुद्र कुठे आहे तेवढं दाखवतो."

"आणि समुद्र?"

"तो या जुन्यातच राहणार."

वासंती खाली बसली. "बाणाचं मी काय करू, बाय?"

समुद्र नव्यात मावायचा नाही, दुवे दुवे म्हणूनच उतरवा, असं केंद्राच्या साहेबांनी बजावलं होतं. इरावतीने एकदा वासंतीकडे पाहिलं. मग 'दुवे तसेच ठेवा' या सूचनेपुढचं 'होय' खोडून तिने 'नाही' केलं. आता नुसता बाण नव्हे, बाण जे दाखवतो तेच उतरणार होतं.

आधी गाज ऐकू आली. नव्या संगणकामागची भिंत मागे सरकू लागली ती सरकतच राहिली. छत उंच होत होत आभाळ झालं. खडक, शेवाळ, माशांचे थवे, एकेक लाट आपल्या फेसासकट उतरत होती, आणि जुना समुद्र तसूभरही कमी होत नव्हता. इरावतीचे हात आपसूक जोडले गेले.

सगळ्यांत शेवटी होडी उतरली.

"वासंते, दोर धर," होडीतला माणूस म्हणाला. त्याच क्षणी जुन्या समुद्रातूनही तोच आवाज आला.

"ह्यातला माझा कोणता?" वासंतीने विचारलं.

"दोन्ही," इरावती म्हणाली. "प्रतीत फरक नसतो, मावशी."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. दोन्हीकडून दोर आले. वासंतीने एक उजव्या हाताने झेलला, एक डाव्याने. गुडघाभर पाण्यात पाय रोवून ती उभी राहिली, आणि दोन्ही दोर हळूहळू ताणले जाऊ लागले.