भिंत रंगवायचा दिवस

आमच्या कंपनीत लोकांना खूश ठेवायचं काम माझ्याकडे आहे. हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, पण अर्थ एवढाच. वाढदिवसाचा केक मी मागवते, रस्सीखेच मी लावते, आणि अधूनमधून चाळीसेक जणांना बसमध्ये कोंबून समाजसेवेला नेते. लोक माझ्याशी बोलतात ते टी-शर्टच्या मापापुरतं. घरी तेवढंही नाही. धाकटी बहीण लग्न होऊन गेल्यापासून शनिवारी मिटलेलं माझं तोंड सोमवारीच उघडतं, आणि पहिला शब्द घोगरा येतो.

त्या खेपेला आम्ही एका वृद्धाश्रमाची अंगणातली भिंत रंगवायला गेलो होतो. मोठे साहेब ब्रशचा एक पट्टा मारून, फोटो काढून निघून गेले. हिशेब विभागानं भिंतीपेक्षा एकमेकांनाच जास्त रंगवलं. पाण्याच्या बाटल्या वाटून माझ्या नाकीनऊ आले, तेव्हा मी बाकावर टेकले. शेजारी एक आजी बसल्या होत्या. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होत्या, म्हणून तिथं सगळे त्यांना टेलिफोनच्या आजी म्हणत. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि गोड आवाजात विचारलं, "जेवलीस का गं?"

एवढंच. पण हे मला कितीतरी दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. मी खुळ्यासारखी बोलत सुटले. बहिणीचं सांगितलं, एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो तेही सांगितलं. निघताना त्या म्हणाल्या, "परत ये हं पोरी. वाट बघते."

असल्या बोलण्यावर माणसानं किती विसंबावं? मी पुरती विसंबले. पुढच्याच रविवारी सफरचंदं घेऊन फाटकाशी हजर.

"आज कोणती कंपनी?" व्यवस्थापकांनी विचारलं. "भिंत अजून ओली आहे हो."

"कंपनी नाही. मी एकटीच आलेय."

त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण ओळखीचा चेहरा म्हणून त्यांनी आत सोडलं.

आजी पलंगावर पडून होत्या. माझी चाहूल लागताच घाईघाईनं उठल्या, केसांवरून हात फिरवला, चष्मा चढवला आणि हसल्या. छान हसल्या, पण माझ्याकडे बघून नव्हे, माझ्या मागं दाराकडे बघून.

"फोटोवाला कुठंय?"

"कोणी नाही आजी, मीच आलेय. तुम्ही म्हणालात ना, परत ये म्हणून."

हसू मावळलं. "अगं, ते मी सगळ्यांनाच म्हणते."

"सगळ्यांना?"

"मग? येतंय कोण! म्हणून तर बिनधास्त म्हणते."

माझा चेहरा पडला असणार, कारण त्या सरकल्या आणि मला जागा करून दिली.

"महिन्याला दोन-तीन कंपन्या येतात," त्या म्हणाल्या. "भिंत तीच. एकानं पिवळी केली की दुसरा निळी करतो. एका बँकेनं फुलं काढली होती, पुढच्यांनी ती पुसून टाकली. जाताना पंखे देतात, गाद्या देतात. म्हणून व्यवस्थापक म्हणतात, आजी, तुम्ही पुढं बसा, तुम्हाला जमतं. जमतं खरं. जन्मभर आवाज गोड ठेवायचंच काम केलं ना मी. पण गाल दुखतात गं. रविवारी सुट्टी, तेव्हा मी तोंड पाडून पडते."

"मीसुद्धा हेच काम करते आजी."

"पगार देतात?"

"देतात."

"मग तुझं बरंय की!"

आम्ही दोघीही हसलो. मग मी सफरचंदाच्या पातळ फोडी केल्या आणि त्यांनी मनसोक्त कुरकुर केली. गुडघा, बेचव आमटी, शेजारणीचं घोरणं, फोन न करणारा मुलगा. गोड आवाजाचा पत्ता नव्हता, चांगला खरखरीत आवाज होता त्यांचा. मला तोच आवडला. वाटलं, दर रविवारी इथं यावं आणि ही कुरकुर ऐकावी. मला दुसरं काहीच नको होतं.

निघताना व्यवस्थापकांनी खोलीच्या दारातच अडवलं. "नात्यातल्या आहात का?"

"नाही."

"मग रविवारी नाही जमायचं. मागं एकजण असाच प्रेमानं यायचा, चौघांना विमा विकून गेला. तुम्ही कंपनीबरोबर या की, कधीही या."

मी आजींकडे पाहिलं. त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून माझा जीव तुटत होता.

"नियम आहे बाई त्यांचा," आजी म्हणाल्या. "कंपनी घेऊन ये."

सोमवारी मी साहेबांना सांगितलं, भिंत पुन्हा रंगवायला हवी.

"आत्ताच तर रंगवली!"

"लोकांचीच मागणी आहे," मी ठोकून दिलं. साहेब इतके हरखले की त्यांनी नवे टी-शर्टही मंजूर केले.

लोकांनी बसमध्ये माझ्या नावानं बोटं मोडली. मोडू देत. पोचल्याबरोबर मी बाटल्या कशाबशा वाटल्या आणि बाकाकडे धावले. आजी इस्त्रीचे कपडे घालून बसल्या होत्या. एका बाजूला आमच्याकडे नुकतीच लागलेली एक मुलगी होती, तिचा हात आजींच्या हातात होता आणि तिचे डोळे भरून आले होते. मी दुसऱ्या बाजूला बसले.

"आजी, गुडघा कसा आहे?"

चेहऱ्यावरचं हसू जराही न ढळू देता त्या माझ्या कानाशी वाकल्या आणि खरखरीत आवाजात म्हणाल्या, "आत्ता नको गं. कामात आहे मी."

मला रडू येत होतं. भिंतीपाशी साहेबांनी फोटोसाठी सगळ्यांना गोळा केलं होतं आणि ते माझ्या हुद्द्यानं मला हाका मारत होते. मी उठले, रांगेत कडेला जाऊन उभी राहिले आणि हसले.