माझ्या घंटेतली नावं

मित्रांनो, मला भंगारात काढून साठ वर्षं उलटली, तरी माझं तोंड बंद झालेलं नाही. मी 'हॅलिडन', ब्रिटिश आरमाराची एक जुनी युद्धनौका. माझ्या जातीला 'हलकी क्रूझर' म्हणत. हलकी कसली? सात हजार टन वजन होतं माझं.

टाइन नदीकाठी मला बांधलं आणि डेकवर पितळी घंटा टांगली. खलाशाच्या घरी मूल जन्मलं की ती घंटा उलटी करायची, तिच्यात पाणी भरायचं आणि पाद्रीबाबांनी त्या पाण्याने बाळाचा बाप्तिस्मा करायचा, अशी आमच्याकडे रीत होती. मग बाळाचं नाव घंटेच्या आतल्या बाजूला कोरत. माझे सुतार एनॉक ट्रेगियर यांची मुलगी मॉरवेना, हे माझ्या घंटेतलं पहिलं नाव. ते त्यांनी स्वतः हट्टाने कोरलं आणि वाकडं कोरलं. त्यावरून खलाशी त्यांना वर्षभर चिडवत होते.

युद्धात मी उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात मालवाहू जहाजांची राखण करत असे. बेचाळीसच्या मार्चमध्ये एक पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, माझ्या नाकावर बसला. पुढचा भाग तुटून गेला आणि त्याच्याबरोबर माझी एकतीस माणसं गेली. त्यांचं दुःख मला आजही आहे. ॲडमिरलच्या जहाजावरून निरोप आला, की माणसं उतरवा. शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा आम्हीच हिला बुडवतो. माझं डोकंच फिरलं. मी तरंगत होते, आणि माझेच लोक माझ्यावर नेम धरणार होते!

कप्तान आर्डली यांनी सुतारांना विचारलं, की तुटलेल्या भागामागची, पाणी अडवणारी आतली भिंत कुठवर टिकेल. ट्रेगियर म्हणाले, भरपूर लाकूड मिळालं तर बंदरापर्यंत. इकडे डाउस नावाचा खलाशी निदान आठवण तरी राहावी म्हणून घंटा उतरवू लागला होता.

“राहू दे ती जागेवर,” ट्रेगियर त्याला म्हणाले. “माझी पोर न्हालीय तिच्यात. जहाज बुडेल तेव्हा काढ.”

“बुडाल्यावर कोण काढणार, बाबा?”

“म्हणूनच बुडू द्यायचं नाही. चल, जेवणाची टेबलं आण.”

कप्तानांनी उलट निरोप धाडला, की जहाज तरंगतंय, आम्ही उतरत नाही. टेबलं, बाकं, कप्तानांचं कपाटसुद्धा तोडून त्या भिंतीला टेकू दिले. पाण्याचा मारा भिंतीवर येऊ नये म्हणून मी चार दिवस उलटी चालले, शेपटी पुढे करून. बंदरातले लोक आधी हसले. मी जवळ आल्यावर त्यांनी टोप्या काढल्या.

नवं नाक बसवून मी युद्ध संपेपर्यंत लढले. पुढे माझे तुकडे झाले आणि फक्त घंटा उरली. एका संग्रहालयाने तिला काचेत कोंडलं आणि 'हात लावू नये' अशी पाटी लावली.

गेल्या वर्षी ऐंशी पार केलेली मॉरवेना तिथे आली, पणतवाला कडेवर घेऊन, पाद्रीबाबांना सोबत आणून. तिथला अधिकारी म्हणाला, “आजी, मौल्यवान वस्तू आहे. पाण्याने खराब होईल.”

“समुद्र सोसलाय तिने,” मॉरवेना म्हणाली. “वाटीभर पाणीही सोसेल. काच उघड.”

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण त्यांचं काम त्यांच्याकडून काढून घेऊ नका. त्या दिवशी पाणी डोक्यावर पडताच छोट्या एनॉकने भोकाड पसरलं, आणि इतक्या वर्षांनी मी पुन्हा आतून घुमले.