दुसऱ्यानं भरलेलं मॅगझीन

पिस्तुलाच्या वार्षिक परीक्षेत पोलीस नाईक सारजा दोनदा नापास झाली आणि दोन्ही वेळा तिच्या गोळ्या एकाच जागी गेल्या. खाली, डावीकडं. पुठ्ठ्यावरच्या वर्तुळात दहापैकी सहा हव्या होत्या. पहिल्यांदा तीन बसल्या, दुसऱ्यांदा चार. तिसरी परीक्षा तीन आठवड्यांवर होती. त्यातही आपटली तर कैदी पार्टीतून नाव कटणार आणि रवानगी जुन्या फायलींच्या खोलीत होणार, हे साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं.

आता कुणी म्हणेल, बरंच की! पंख्याखाली खुर्ची मिळेल, उन्हातान्हात कैद्यांमागं धावणं वाचेल. म्हणणाऱ्याचं काय जातं? तिचा नवरा रामकिसन जाऊन दोन वर्षं झाली होती. लेक सासरी, नाशिकला. तिचा फोन रविवारी. बाकी सहा दिवस सारजाच्या घरात कुकरच्या शिट्टीखेरीज कुणाचा आवाज नसायचा. हर्सूलच्या तुरुंगातून कैदी कोर्टात नेणाऱ्या गाडीत निदान चार माणसं असायची आणि दुपारी चार डबे उघडायचे. ती माणसं हातची जाऊ नयेत, एवढ्यासाठी तिला नेम लागायला हवा होता.

वेरूळच्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी चांदमारीचं मैदान होतं. नापासांचा सराव आठवड्यातून तीन दुपारी चाले. शस्त्रं देणं-घेणं दाऊदभाईंकडं. वय सत्तावन्न, टेबलावर चहाचा थर्मास कायमचा. त्यांनी पहिल्याच दिवशी सारजाच्या पाच गोळ्या पाहिल्या आणि वैद्यासारखं निदान केलं.

“नजर चांगली हाय तुमची. पकड बी ठीक. पर आवाज व्हायच्या आधीच तुम्ही दचकता. मनगट खाली जातं.”

“नाय हो, मी कुठं दचकते?”

“सगळे असंच म्हणतेत.”

उपाय त्यांनी सगळ्यांनाच सांगितला. मॅगझीनमध्ये खऱ्या गोळ्यांत एक-दोन खोट्या मिसळायच्या, आत दारू नसलेल्या. घोडा दाबल्यावर नुसतं टक् झालं आणि तरी नळीनं मान टाकलेली दिसली, की चोरी पकडली गेली. अट एकच. मॅगझीन दुसऱ्यानं भरायचं. खोटी कितवी, हे झाडणाऱ्याला कळता कामा नये.

नापास झालेले सात जण होते. पटापट जोड्या लागल्या. तीन जोड्या झाल्या आणि सारजा उरली. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, पण दर वेळी उरणारं माणूस तेच असलं की त्याला ते लागतंच. “मी माझं भरते,” असं म्हणून ती बाजूला गेली. टोपीत गोळ्या घालून, ढवळून, डोळे मिटून तिनं मॅगझीन भरलं. पण खोटीच्या बुडाला खळगा असतो आणि अंगठ्याला तो कळायचाच. खोटीची पाळी आली की हात शहाण्यासारखा स्थिर राही आणि खरीला पुन्हा दगा देई. पहिला आठवडा असाच वाया गेला.

दुसऱ्या सोमवारी ती रिकामं मॅगझीन घेऊन दाऊदभाईंच्या टेबलापुढं उभी राहिली. “भरून द्याल का?” एवढे तीन शब्द तिच्या तोंडून निघायला आठवडा लागला होता.

दाऊदभाईंनी पाठ फिरवून मॅगझीन भरलं आणि तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. पहिली गोळी खरी निघाली. दुसरीला नळी चांगली चार बोटं खाली गेली आणि नुसतं टक् झालं. सारजा मनापासून ओशाळली.

“आता पटलं? अर्धा श्वास सोडा न् थांबा. नजर नळीच्या टोकावरच्या नेमाच्या माशीवर, पुठ्ठा दिसू द्या अंधुक. घोडा लेकराच्या पायातला काटा काढतो तसा हळू ओढायचा. कवा सुटंल, ते तुमचं तुम्हालाच कळू नये.”

मग दर सरावाला तसंच चाललं. ते पाठ फिरवून भरत, ती वाट पाहत उभी राही. भरता भरता ते बोलत. बायकोचे, बिल्किसचे, गुडघे, शहागंजातली महागलेली चहापत्ती, असलं काहीबाही. एकदा सहज विचारलं, “जेवलात का?” हा प्रश्न शेवटचा कुणी विचारला होता, ते सारजाला आठवेना.

परीक्षेत तिच्या आठ गोळ्या वर्तुळात बसल्या. साहेबांनी शाबासकी दिली, कैदी पार्टीतलं नाव राहिलं. दुसऱ्या दिवशी गाडीत चार डबे उघडले. तिघं प्लॉटचे भाव आणि पोरांचे क्लास यावर बोलत राहिले आणि सारजा भाकरी मोडत राहिली. हे आधीही असंच होतं. तिला ते आता दिसलं, एवढंच, आणि फार वाईट वाटलं.

पुढच्या सोमवारी तिची सुट्टी होती. दोघं जण अजून नापास होते, म्हणून मैदान चालू होतं. सारजा दाऊदभाईंपुढं जाऊन उभी राहिली.

“दचका राहिलाय हो अजून.”

“पास झालेल्याला गोळी मिळत नाय, बाई.”

“खोट्या चालतील.”

त्यांनी तिच्याकडं जरा बघितलं, पाठ फिरवली आणि पाच भरून दिल्या. टक् झालं, नळी खाली गेली. पुन्हा टक्, पुन्हा खाली. पाचही वेळा तेच झालं. दाऊदभाई शेजारी उभं राहून बघत होते.

“सारजाबाई, खरा दचका टक् व्हायच्या आधी येतो. तुमचा पाचही वेळा नंतर आला.”

तिचे कान तापले. मॅगझीन काढून तिनं पिस्तूल नियमाप्रमाणं टेबलावर ठेवलं. काहीतरी थाप मारता आली असती. पण तिला त्या घडीला थापेचाही कंटाळा आला.

“घरी कुणीच नाय, दाऊदभाई. इथं तुम्ही दोन शब्द बोलता,” ती म्हणाली. डोळे भरून आले होते.

दाऊदभाईंनी गोळ्यांच्या रिकाम्या पेटीवर फडकं मारलं आणि पेटी तिच्याकडं सरकवली.

“मंग त्यात दचकायचं काय? बसायला आले म्हणायचं.”

ते थर्मासचं झाकण उघडू लागले आणि सारजा बसली.