काकूंच्या पडवीतली भुलाबाई

सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. आश्विनातल्या त्या दिवसांत माझी जुई रोज संध्याकाळी असे लालचुटूक हात घेऊन पाळणाघराच्या पायरीवर बसलेली असे, आणि मी गाडी थांबवली की ते हात आधी मागे वळून काकूंना दाखवी, मग मला. हा क्रम माझ्या डोळ्यांत सलायचा. चार वर्षांच्या पोरीला मागचं-पुढचं काय कळतं, अशी मी स्वतःची समजूत घालायची. पण मत्सराला कुणी कितीही समजावलं तरी तो ऐकून घेत नाही.

निर्मलाकाकू गडचिरोलीत आमच्या कचेरीमागच्या गल्लीत घरच्या घरी पाळणाघर चालवतात. ठेंगणा बांधा, कमरेला घट्ट खोचलेला पदर, केसांत हमखास अडकलेली एखादी काडी, आणि कधीही न चढणारा आवाज. पावसाने धुऊन स्वच्छ केलेलं शरदाचं सोनसळी ऊन त्यांच्या पडवीत जरा लवकर येतं आणि रेंगाळत, अनिच्छेने परत जातं, असं मला वाटे. आमच्या कचेरीत ते येतच नाही. तिथे बाराही महिने ट्यूबलाइटचा एकच ऋतू. दुपारी फायलींवर मान घालून बसले की मला त्या पडवीतला पाचोळ्याचा सळसळाट ऐकू यायचा, आणि त्यात माझ्या मुलीचं हसू. ते हसू ऐकण्याचा पहिला हक्क माझा होता, आणि तो मी रोज सकाळी दहाला स्वतःच्या हाताने दुसरीच्या स्वाधीन करून येत होते.

काकू मुलांना काही शिकवत नाहीत. धानाच्या लोंब्या मांडीवर घेऊन त्या मुलांच्या ओळीत बसतात आणि पाखरांसाठी झुंबर गुंफू लागतात. कुणाकडे बघत नाहीत, कुणाला बोलावत नाहीत. हळूहळू एकेक पोर आपली लोंबी घेऊन सरकत त्यांच्या गुडघ्याला येऊन टेकतं. सीताफळाच्या धुतलेल्या बिया मातीच्या चिमण्यांचे डोळे होतात, कापसाच्या फुटलेल्या बोंडांचे ससे होतात. जुईच्या सशाचा कान एकदा गळून पडला. मी असते तर पटकन चिकटवून दिला असता. काकू म्हणाल्या, "राहू दे वं बाई, एका कानानंई आयकू येते त्याले." तो एककानी ससा पुढे आमच्या घरी आला आणि जुईच्या उशाशी राहू लागला. मला तो एक दिवसही आवडला नाही.

मीही हातपाय हलवून पाहिले. रविवारी रंगीत कागद, डिंक, कात्री असा सगळा संसार मांडून बसले आणि सूचना देऊ लागले. पोरगी म्हणाली, "आई, तू काऊन सांगून राह्यली? काकू नाई सांगत." त्या वाक्यात मला दोन ठिकाणी लागलं. मी मूळची वरोऱ्याची. आईशी फोनवर बोलताना 'मले-तुले'शिवाय माझं पान हलत नाही. पण मुलीशी मात्र पहिल्या दिवसापासून पुस्तकी बोलले, पुढे तिचं कुठे अडू नये म्हणून. माझीच बोली मी तिच्यापासून राखून ठेवली, आणि ती तिला काकूंनी देऊन टाकली.

मग भुलाबाईचे, म्हणजे आमच्या विदर्भातल्या भोंडल्याचे, दिवस आले. काकूंच्या पडवीत मुलांनी थापलेली मातीची भुलाबाई बसली. शेजारी तिचा नवरा भुलोजी, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. आमच्याकडे गाणी संपली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते. ओळखली तर आणणारी हरली. नाही ओळखली तर बाकीच्यांनी हात जोडून "हरलो" म्हणायचं. रोज एकेका आईची पाळी होती. माझी आली तेव्हा मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मुलांना हरवण्यात मला काडीचा रस नव्हता. मला काकूंना हरवायचं होतं, तेही जुईच्या डोळ्यांदेखत.

आदल्या रात्री मी शिंगाड्याच्या पिठाच्या वड्या केल्या. डबा हलवला तरी वाजू नये म्हणून त्या मऊ कापडात गुंडाळल्या. जुई ओट्यावर बसून पळी चाटत होती. "हे आपलं दोघींचंच गुपित हं, कुणाला सांगायचं नाही," मी म्हटलं, आणि तिने वडीभरल्या तोंडाने मान हलवली. त्या क्षणी ती पूर्णपणे माझी होती.

दुसऱ्या दिवशी गाणी झाली, टिपऱ्या थांबल्या. मुलांनी डबा हलवला, हुंगला, कान लावला. चिवडा, पेरू, लाडू, शेव, सगळं सांगून झालं. जुई ओठ मिटून बसली होती, आणि मला तिचा केवढा अभिमान वाटला! शेवटी डबा काकूंकडे गेला. त्यांनी डोळे मिटून, बराच विचार करून सांगितलं, "कारल्याची भाजी!" पोरं हसून लोळली. काकूंनी हात जोडले, "हरलो बाई, हरलो." मी विजयी मुद्रेने डबा उघडला. इतकं गोड मी कित्येक दिवसांत काही खाल्लं नव्हतं.

परतताना गाडीवर पुढे उभी असलेली जुई आपणहून बोलली, "मी सकाळीच काकूच्या कानात सांगतलं होतं."

"मग त्या बोलल्या का नाहीत गं?"

"त्या म्हणे, आज आईले जिकू दे."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. माझं गुपित तर गेलंच होतं, वर माझा विजयही त्यांनीच वाढलेला निघाला. राग करायलासुद्धा त्या बाईने जागा ठेवली नव्हती. मला त्यांचा हेवा वाटत होता, आजही वाटतो, आणि तो आता उणा होईल असं मला वाटत नाही.

जूनमध्ये जुई शाळेत जाईल. चार वर्षांचं असतानाचं कुणाच्या फारसं लक्षात राहत नाही. मला माझं राहिलेलं नाही. पाचोळा, लोंब्या, मातीची भुलाबाई आणि तो न चढणारा आवाज, सगळं तिच्यातून हळूहळू ओसरून जाईल. मग कधीतरी ती विचारेल, लहानपणी मला कोण सांभाळायचं गं? तेव्हा सांगायला मीच असेन. ज्या दुपारी मी तिथे नव्हते, त्या दुपारींची आठवण शेवटी माझ्याकडेच राहणार आहे.