डोळ्यापाशी उतरलेला भंडारा

अहो, सिन्नरच्या त्या घरात त्या रविवारी काय धांदल होती! दारात मांडव, वाघ्या-मुरळीला सांगून ठेवलेलं, चुलीवर पुरण रटरटतंय. कारण काय, तर नवनाथच्या डोळ्यांपाशी पिवळा डाग उमटला होता, हळदीचं बोट टेकवावं तसा. या घराण्यातल्या पुरुषांना तिशीत असा डाग यायचाच. त्याला म्हणायचे खंडेरायाचा भंडारा, आणि ज्याला तो उतरला त्याचं जागरण घालायचं. चांगुणाबाईंचे तर पाय जमिनीवर ठरेनात. एकुलत्या एका लेकाला देवानं पसंत केलं होतं!

सूनबाई राखी मात्र आतून नुसती धुमसत होती.

त्याचं असं झालं. आदल्या आठवड्यात तिचा घसा बसला म्हणून नवराबायको नाशकात डॉक्टरीणबाईंकडे गेले. घसा दुखतोय हिचा, आणि बाई टक लावून बघतायत नवनाथकडे! राखीला अस्सा राग आला.

"हे पिवळं कधीपासून?" बाईंनी त्याला विचारलं.

"आमच्या घराण्याची खूण आहे ती," नवनाथ छाती फुगवून म्हणाला. "वडलांना होती, आजोबांना होती, दोन्ही चुलत्यांना होती."

"कुठे असतात ते सगळे?"

"गेले," तो म्हणाला. "झटक्यानंच गेले. पन्नाशी कुणी बघितली नाही."

बाईंनी तिथल्या तिथे रक्त काढायला लावलं. वाईट कोलेस्टेरॉल एवढं निघालं की त्यांनी स्वतः फोन करून दोघांना बोलावून घेतलं. म्हणाल्या, हा दोष रक्तातूनच, आईबापाकडून येतो. जी चरबी डोळ्यापाशी दिसते तीच हृदयाच्या नळ्यांत साठते. स्टॅटिनची गोळी रोज घ्यायची, जन्मभर, आणि भाऊबंदांचीही तपासणी करायची. नवनाथनं गोळ्यांचं पाकीट खिशात घातलं आणि राखीला म्हणाला, "जागरण होऊ दे, मग बघू. आईला काय वाटेल?" डोंबल!

दिवस कलला, तळी उचलायची वेळ झाली, आणि राखीचा धीर सुटला. भरल्या मांडवात तिनं सासूला सगळं सांगून टाकलं.

चांगुणाबाई कडाडल्या, "देवानं लावलेलं बोट गोळ्या खाऊन पुसायचं? डोकं फिरलं काय गं तुझं?"

"आत्याबाई, देवाचं बोट असतं तर त्यानं तुमचं कुंकू पुसलं असतं का?"

सुनेनं बोलू नये ते राखी बोलून बसली होती. चांगुणाबाई मटकन खाली बसल्या.

"गोठ्यात गेले ते परत आलेच नाय," त्या म्हणाल्या. "देवानं नेलं, देवानं नेलं म्हणत आले मी. लोकान्ला बी तेच सांगितलं." मग मान वर करून त्यांनी विचारलं, "गोळीनं माणूस राहतं?"

"धोका पुष्कळ कमी होतो म्हणाल्या बाई. ह्यांना अजून उशीर झालेला नाही."

झालं! चांगुणाबाईंनी पदर खोचला, तरातरा लेकापाशी गेल्या, त्याच्या खिशातलं पाकीट उपसलं आणि गोळी त्याच्या तळहातावर ठेवली.

"गिळ."

"अगं आई, आधी तळी..."

"आधी गिळ म्हणते ना मी!"

नवनाथनं गिळली. मग तळी उचलली, आणि "येळकोट येळकोट, जय मल्हार!" असा गजर झाला की त्यात चांगुणाबाईंचा आवाज सगळ्यांत वर! भंडारा उधळला, दिमडी कडाडली, राखी रडता रडता हसायला लागली. प्रसादाला आलेल्या एकेका पुतण्याचा कान धरून चांगुणाबाई दम देत होत्या, "उद्या सकाळी रिकाम्या पोटी नाशकाला. जो यायचा नाय त्याला आज पुरणपोळी नाय!"

"काय वहिनी," कुणीतरी चिडवलं, "जागरण देवाचं का गोळीचं?"

"कुणाचं बी असू दे की!" चांगुणाबाई म्हणाल्या. "नांदायला आले तवापासून या घरातला एक बी पुरुष म्हातारा झालेला पाह्यला नाय मी. मला नव्वदीपर्यंत जगावं लागलं तरी जगंन, पण नवनाथला म्हातारा झालेला बघूनच जाईन."